न्यायमूर्तींच्या अटकेचा ठराव

उच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींना ताब्यात घेऊन सभागृहापुढे हजर करावे, असा ठराव उत्तर प्रदेश विधानसभेने २१ मार्च १९६४ रोजी संमत केला. विधिमंडळाचा अधिकार कोठे संपतो आणि न्यायपालिकेचा कोठे सुरू होतो, या प्रश्नाला त्यामुळे घटनात्मक पेचप्रसंगाचे रूप आले.

वादाचे मूळ एका पत्रकात होते. गोरखपूरचे केशव सिंह यांनी एका आमदारावर आरोप करणारे पत्रक काढले. हक्कभंगाबद्दल समज देण्यासाठी त्यांना सभागृहात आणले असता ते अध्यक्षांकडे पाठ करून उभे राहिले. सात दिवसांचा कारावास झाला. शिक्षा संपत आली असताना त्यांच्या वकिलांनी लखनौ खंडपीठाकडे धाव घेतली आणि न्या. बेग व न्या. सहगल यांनी जामीन मंजूर केला. सभागृहाने यालाच अवमान मानले व न्यायमूर्ती, वकील आणि केशव सिंह अशा चौघांवर फर्मान काढले. दोनच दिवसांनी अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या २८ न्यायमूर्तींच्या पूर्णपीठाने त्याला स्थगिती दिली.

अखेर राष्ट्रपती डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांनी अनुच्छेद १४३ अन्वये सर्वोच्च न्यायालयाचे मत मागितले. सात न्यायमूर्तींच्या पीठाचे प्रमुख होते सरन्यायाधीश प्र. बा. गजेंद्रगडकर, मूळचे साताऱ्याचे. ३० सप्टेंबर १९६४ रोजी सहा विरुद्ध एक असे मत आले.

अनुच्छेद १९४(३) नुसार आपल्याला ब्रिटिश हाउस ऑफ कॉमन्सचे विशेषाधिकार आहेत, तेव्हा आपल्या वॉरंटची छाननी न्यायालयाला करता येणार नाही, असा विधानसभेचा दावा होता. बहुमताने तो नाकारला. ब्रिटनमध्ये संसद सार्वभौम आहे. भारतात विधिमंडळही राज्यघटनेच्या चौकटीतच काम करते. शिवाय न्यायमूर्तींच्या कर्तव्यपालनातील वर्तनावर विधिमंडळात चर्चा करण्यासही अनुच्छेद २११ ची मनाई आहे; मग अटक दूरच. आपल्याच अधिकाराचा वाद न्यायालयाने आपणच सोडवला, असा आक्षेप यावर घेता येतो व तो अगदीच गैरलागू नाही.

१९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने हाउस ऑफ कॉमन्सचा उल्लेख वगळला. मात्र विशेषाधिकारांची व्याख्या करणारा सर्वंकष कायदा संसदेने अद्याप केलेला नाही.

केशव सिंह यांच्या पदरात मात्र काही पडले नाही. मार्च १९६५ मध्ये उच्च न्यायालयाने त्यांचा अर्ज फेटाळला. शिक्षा देण्याचा विधानसभेचा अधिकार न्यायालयाने मान्य केला होता.