दौलताबादचा हौद आणि राज्यसभेतले बाबासाहेब



अमेरिकेतल्या राजकारणावरच्या वेब सिरीज बघून ‘सिनेटर’ हा शब्द आपल्या सगळ्यांना पाठ झालाय. आपल्याकडे सिनेटसारखं सभागृह म्हणजे राज्यसभा. आणि राज्यसभा म्हटलं की कट्ट्यावर एकच वाक्य ऐकू येतं, निवडणुकीत पडलेल्यांची सोय! मागच्या दारानं आत.

आज अशाच एका ‘पडलेल्या’ माणसाबद्दल बोलूया. डॉ. बाबासाहेब आंबेडकर. चवदार तळं, घटना, दीक्षाभूमी हे आपल्याला शाळेपासून माहिती आहे. पण एप्रिल १९५२ पासून ६ डिसेंबर १९५६ ला निधन होईपर्यंत ते राज्यसभेचे खासदार होते, हे किती जणांना माहितीये? आणि ही खासदारकी नीट समजून घ्यायची असेल तर दिल्लीत नाही, आधी दौलताबादला जावं लागतं. देवगिरी किल्ल्याच्या दरवाजात.

साल १९३४. चळवळीतल्या सहकाऱ्यांनी ठरवलं की कुठंतरी फिरायला जाऊ, पण साहेबांनी सोबत आलं पाहिजे. वेरूळची बौद्ध लेणी बघायचीच असं ठरलं. नाशिकला सगळे जमले. काही बस, काही मोटारी, साधारण तीस माणसं. आता लक्षात घ्या, वेरूळ, दौलताबाद, औरंगाबाद हा सगळा भाग तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. म्हणजे ब्रिटिश मुंबई इलाख्याची हद्द ओलांडून दुसऱ्या राज्यात जायचं. आपण कोण आहोत हे शक्यतो कुणाला कळू द्यायचं नाही, असंच त्यांनी ठरवलं होतं. का, ते पुढे कळेलच.

दौलताबादला पोहोचले तेव्हा संध्याकाळ व्हायला आली होती. गावातल्या दलित वस्तीतल्या लोकांना मात्र आधीच कळवलेलं होतं, ते वाट बघत थांबले होते. चहा घेऊन जा म्हणाले. पण अंधार पडायच्या आत किल्ला बघायचा होता, म्हणून मंडळी थेट पुढे गेली. रमजानचा महिना होता. किल्ल्याच्या दरवाजाबाहेर एक छोटा हौद, काठोकाठ भरलेला, भोवती दगडी फरसबंदी. तेव्हाचा रस्ता आणि तेव्हाची बस, म्हणजे अंगावर धुळीचे थर. काही जणांनी त्या पाण्यानं हातपाय धुतले, तोंडावर पाणी मारलं. एवढंच.

मग सगळे दरवाजाच्या कमानीत आले. आत जायला परवानगी कशी घ्यायची, हे पहारेकऱ्याला विचारत होते, तेवढ्यात मागून एक म्हातारे गृहस्थ ओरडत आले. पांढरी दाढी, मुसलमान. हौद बाटवला म्हणून आरडाओरडा. बघता बघता गर्दी जमली, शिव्या सुरू झाल्या. आम्ही बाहेरगावचे आहोत, इथला रिवाज माहीत नव्हता, असं सांगून पाहिलं. तर गर्दीनं मोर्चा वळवला कुणाकडे? मागून येऊन पोहोचलेल्या गावातल्या दलितांकडे. तुम्ही यांना सांगितलं का नाही म्हणून! हा तपशील मला जास्त लागतो. पाहुणे रात्री निघून जाणार होते. त्या माणसांना दुसऱ्या दिवशीही त्याच गावात राहायचं होतं.

प्रकरण हाणामारीवर, कदाचित खुनापर्यंत गेलं असतं, असं बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलंय. शेवटी त्यांचाही संयम सुटला. त्यांनी गर्दीतल्या एका तरुणाला विचारलं की तुमचा धर्म हेच शिकवतो का, आणि हाच माणूस उद्या मुसलमान झाला तर त्याला पाणी घेऊ द्याल की नाही? गर्दी गप्प झाली. मग ते पहारेकऱ्याकडे वळले, आत जाता येईल का नाही, एकदाच काय ते सांगा. पहारेकऱ्यानं नाव विचारलं. बाबासाहेबांनी कागदाच्या तुकड्यावर लिहून दिलं. कागद आत अधिकाऱ्याकडे गेला आणि उत्तर आलं. किल्ला बघा, पण आत कुठंही पाण्याला हात लावायचा नाही. आणि त्यावर लक्ष ठेवायला एक बंदूकधारी शिपाई सोबत दिला.

मी सॉफ्टवेअरवाला माणूस, मला हे आमच्या भाषेतच दिसतं. लॉगिन दिलं, पण फक्त बघण्याचं. तुम्ही आत आहात, यादीत तुमचं नाव आहे, तरी कशाला हात लावायचा नाही. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे संसदेत हाच पुन्हा येणार आहे.

हा प्रसंग बाबासाहेबांच्या ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या छोट्या आत्मकथनात आहे. अस्पृश्यता म्हणजे नक्की काय, हे परदेशी वाचकाला कळावं म्हणून त्यांनी असे प्रसंग लिहिले. ते स्वतः जिथं शिकले, त्या न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात ते आज अभ्यासाला वापरलं जातं. आता या प्रसंगावरून कुणी एका धर्माकडे बोट दाखवायला निघालं तर त्याला उरलेली पानंही वाचायला सांगा. हिंदू गाडीवान, पारशी धर्मशाळा, सगळे त्यात आहेत. जात धर्माच्या भिंती कशी आरामात ओलांडते, हेच ते दाखवत होते.

महाडचा सत्याग्रह १९२७ चा, म्हणजे दौलताबादच्या सात वर्षं आधीचा. तिथं निदान भांडायला एक कागद होता. मुंबई कायदेमंडळात रावबहादूर सी. के. बोले यांनी १९२३ साली सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले करण्याचा ठराव मंजूर करून घेतला होता. कोर्ट होतं. दहा वर्षं खटला चालला आणि १९३७ साली मुंबई हायकोर्टात बाबासाहेबांची बाजू जिंकली. दौलताबादच्या दरवाजात असं काहीच नव्हतं. ना ठराव, ना वकिली. देशभर एकच कायदा का हवा, याचं यापेक्षा सोपं उदाहरण मला सापडलेलं नाही.

पुढचा भाग तुम्हाला माहीत आहे, म्हणून पळवतो. स्वातंत्र्य, कायदामंत्रिपद, मसुदा समिती. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात आलं. त्याच वर्षी २९ नोव्हेंबरला घटना समितीनं अस्पृश्यता रद्द करणारं कलम मंजूर केलं, तेच आजचं कलम १७. आणि कलम १५ उघडून बघा, त्यात विहिरी, तलाव, स्नानाचे घाट, रस्ते असे शब्द आहेत. जगातल्या किती राज्यघटनांमध्ये विहिरीचा उल्लेख असेल? आपल्या घटनेत तो करावा लागला.

१९५१ चा सप्टेंबर. १ तारखेला औरंगाबादमध्ये मिलिंद महाविद्यालयाच्या इमारतीची पायाभरणी, राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते. कॉलेज आदल्या वर्षीच सुरू झालं होतं, बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचं. दौलताबादहून पंधरा-सोळा किलोमीटरवर. आणि २७ तारखेला दिल्लीत मंत्रिमंडळाचा राजीनामा. हिंदू कोड बिल रखडवलं गेलं, हे त्यातलं एक मोठं कारण.

मग पहिली सार्वत्रिक निवडणूक. मुंबई उत्तर, दोन खासदारांचा मतदारसंघ, त्यातली एक जागा राखीव. काँग्रेसच्या नारायण काजरोळकरांनी घटनेच्या शिल्पकाराला चौदा हजारांच्या वर मतांनी पाडलं.

मग मुंबई राज्याच्या आमदारांनी त्यांना राज्यसभेवर निवडून दिलं. हे कसं चालतं, ते बघण्यासारखं आहे. राज्यसभेला आमदार पसंतीक्रमानं मत देतात, पहिली पसंती, दुसरी पसंती असं. त्यामुळे एखादा छोटा गट आणि त्याचे मित्र एकत्र आले तर ठरावीक कोटा पूर्ण करून एक जागा काढू शकतात. लोकसभेत तसं नाही, तिथं एका मतानं हरलात तरी सगळं गेलं. मुदत सहा वर्षांची, दर दोन वर्षांनी एक तृतीयांश सदस्य निवृत्त. अमेरिकन सिनेटचंही गणित हेच, फक्त तिथं प्रत्येक राज्याला सरसकट दोन जागा. पूर्वी तिथले सिनेटरही राज्यांची विधिमंडळंच निवडायची. १९१३ मध्ये सतरावी घटनादुरुस्ती झाली आणि लोकांनी थेट मत द्यायला सुरुवात केली. गंमत बघा, तरुण भीमराव शिकायला न्यूयॉर्कला उतरले ते त्याच १९१३ च्या जुलैमध्ये!

राज्यसभेत ते सत्ताधारी बाकांवर नव्हते, त्यामुळे मोकळे होते. ऑगस्ट १९५४ मध्ये परराष्ट्र धोरणावर बोलताना तिबेट आणि चीनबद्दल नेहरूंना त्यांनी स्पष्ट शब्दांत सुनावलं. पण तुमच्या व्हॉट्सॲपवर फिरतं ते वेगळंच भाषण. २ सप्टेंबर १९५३, आंध्र राज्याच्या विधेयकावरची चर्चा. मुद्दा होता अल्पसंख्य गटांना संरक्षण देण्यासाठी राज्यपालांना अधिकार असावेत का, हा. त्या तापलेल्या वादात ते म्हणाले की घटना मी केली म्हणता ना, मग ती जाळणारा पहिला माणूस मीच असेन. फॉरवर्ड इथंच संपतो. पण दीड वर्षानं, १९ मार्च १९५५ ला, त्याच सभागृहात एका सदस्यानं त्यांना याची आठवण करून दिली. तेव्हा त्यांनी दिलेल्या उत्तराचा आशय असा की आम्ही देवासाठी मंदिर बांधलं, पण देव बसायच्या आत राक्षसांनी जागा घेतली, मग दुसरं काय करणार? आता दोन्ही वाक्यं शेजारी ठेवा. कागदावर हक्क आहे आणि माणूस दारातच उभा आहे, ही त्यांची तक्रार आहे. दौलताबादला हातात दिलेला तोच परवाना.

यात मे १९५४ मध्ये आणखी एक पराभव झाला. भंडाऱ्याची लोकसभा पोटनिवडणूक, काँग्रेसचे भाऊराव बोरकर जिंकले. म्हणजे लोकांमधून लोकसभेत जायची वाट दोनदा बंद झाली होती. तेव्हा राज्यसभेची जागा नसती तर चार महिन्यांनी जे झालं ते झालंच नसतं.

१६ सप्टेंबर १९५४. राज्यसभेसमोर अस्पृश्यता गुन्हे विधेयक होतं. कलम १७ नं अस्पृश्यता रद्द केली होती, पण ती पाळणाऱ्याला शिक्षा काय, हे या कायद्यात येणार होतं. बाबासाहेब बोलायला उठले आणि सुरुवात नावापासूनच केली. त्यांचं म्हणणं असं की या नावामुळे हा किरकोळ कायदा वाटतो, याच्या नावात नागरी हक्कांचं संरक्षण हे शब्द हवेत. नावात काय आहे, असं वाटेल. पण कोडमध्ये फंक्शनला चुकीचं नाव दिलं की पुढचा प्रत्येक माणूस त्याचा चुकीचा अर्थ काढतो, हे माझ्यासारखे लोक रोज भोगतात. ‘अस्पृश्यता गुन्हे’ म्हटलं की पोलिसाला एक छोटा गुन्हा दिसतो. ‘नागरी हक्क’ म्हटलं की समोर नागरिक दिसतो.

कायदा झाला आणि १ जून १९५५ ला लागू झाला. त्यातलं कलम ४ वाचा. नदी, ओढा, झरा, विहीर, तलाव, हौद, पाण्याचा नळ. यातल्या कशाचाही वापर अस्पृश्यतेच्या कारणानं कुणाला नाकारला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाचशे रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. दौलताबादच्या दरवाजात १९३४ साली जे घडलं, त्याला एकवीस वर्षांनी कायद्यात कलम मिळालं. तोपर्यंत तो किल्ला भारतात आला होता.

नाव मात्र तेव्हा बदललं नाही. शिवाय कोर्टाच्या परवानगीनं गुन्हा तडजोडीनं मिटवण्याची सोयही कायद्यात होती, आणि गावात तडजोड म्हणजे कुणी कुणापुढे वाकायचं, हे सांगायला नको. १९७६ मध्ये संसदेनं कायदा दुरुस्त केला. तडजोडीची सोय काढली, शिक्षा वाढवली आणि नाव ठेवलं ‘नागरी हक्क संरक्षण अधिनियम, १९५५’. सूचना करणारा खासदार जाऊन तेव्हा वीस वर्षं होत आली होती.