त्र्यंबकजी ठाण्यात, बाजीराव बिठूरला

कोरेगावहून परत येताना गाडीत वाद पेटला. सगळी कल्याण-डोंबिवलीची पोरं. बोलणं निघालं त्र्यंबकजी डेंगळ्याचं. एक पोरगा म्हणाला, "पेशव्याचा उजवा हात होता तो. कंपनीनं आणून आपल्या ठाण्यात डांबला. बरं केलं. त्याचा कसला आलाय खटला?" बाकीचे हसले. मीही हसलो. घरी आलो तरी ते वाक्य डोक्यातून जाईना. कसला आलाय खटला? आपल्या बापजाद्यांबद्दल हेच वाक्य गावच्या चावडीवर किती वेळा बोललं गेलं असेल! म्हणून हे लिहायला बसलो.

आधी हकीगत. आपल्या पोरांना स्तंभ माहीत असतो, त्याच्या मागचीपुढची वर्षं माहीत नसतात.

बडोद्याच्या गायकवाडाचा वकील म्हणून गंगाधरशास्त्री पटवर्धन पुण्याला आला होता. गायकवाड आणि पेशवा यांच्यातला पैशाचा जुना हिशेब मिटवायचा होता. शास्त्र्याच्या जिवाची हमी कंपनी सरकारनं घेतली होती. २० जुलै १८१५ ला पंढरपुरात त्याचा खून झाला. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन तेव्हा पुण्याला कंपनीचा रेसिडेंट. तपास त्यानं केला, आरोपी त्यानं ठरवला, आरोपीला ताब्यात द्या ही मागणीही त्याचीच. आरोपी कोण? बाजीरावाचा कारभारी त्र्यंबकजी डेंगळे. बाजीरावानं टाळाटाळ केली, मग कंपनीचं लष्कर पुढं सरकलं तसा तो नरमला. सप्टेंबर १८१५ मध्ये त्र्यंबकजी इंग्रजांच्या हवाली झाला आणि ठाण्याच्या किल्ल्यात बंद झाला. तोच किल्ला म्हणजे आजचा ठाण्याचा सेंट्रल जेल.

कोर्ट बसलं नाही. साक्षीदार समोर आणले नाहीत. त्र्यंबकजीला कुणी विचारलं नाही की बाबा, तुझं म्हणणं काय. त्यानं खून घडवला की नाही यावर इतिहासकारांचं आजही एकमत नाही. घडवलाही असेल. पण तसं कुणी सिद्ध केलं नाही, हा मुद्दा आहे.

वर्षभरानं, सप्टेंबर १८१६ मध्ये, तो ठाण्याहून निसटला. फितुरी नको म्हणून पहाऱ्यावर सगळे गोरे शिपाई ठेवले होते. त्यांना मराठी येत नव्हतं. सांगतात की बाहेर घोड्याचा खरारा करणारा मोतद्दार गाणं म्हणे आणि गाण्यातून पळायचा बेत आत पोचवी. पहारेकऱ्याला वाटे, गडी मजेत गातोय. ठाण्याचं नाव इंग्रजांच्या बखरीत गेलं ते या गाण्यापायी.

मग १३ जून १८१७ चा पुण्याचा तह झाला. बाजीरावाकडून लिहून घेतलं की त्र्यंबकजीच गुन्हेगार. तो हाती लागेपर्यंत त्याच्या घरची माणसं ओलीस. बघा, निकाल लागला तो तहनाम्यात. न्यायाधीश कोण, तर ज्याच्या तोफा पुण्याभोवती उभ्या होत्या तो. आणि शिक्षा बायकापोरांना सुद्धा.

कोरेगावच्या लढाईत, १ जानेवारी १८१८ ला, हा त्र्यंबकजी पेशव्याच्या फौजेत होता. म्हणजे आपल्या माणसांच्या समोर होता. त्याच वर्षी तो नाशिककडं पकडला गेला आणि पुढं बनारसजवळ चुनारच्या किल्ल्यात गेला. १८२४ मध्ये कलकत्त्याचा बिशप हेबर यानं त्याला तिथं पाहिलं. १८२९ मध्ये तिथंच तो मेला. खटला शेवटपर्यंत नाही.

आणि बाजीराव? तो जून १८१८ मध्ये माल्कमला शरण गेला. त्याला गंगेकाठी बिठूरला वाडा आणि सालाना ८ लाख रुपये पेन्शन. १८५१ पर्यंत जगला. तेहतीस वर्षं पेन्शन खाल्ली.

आता जरा थांबा आणि ही दोन नावं शेजारी ठेवून बघा. राज्य ज्याचं होतं तो पेन्शनीत. चाकर किल्ल्यात. त्र्यंबकजी संगमनेरकडचा, ब्राह्मणेतर, साधा जासूद म्हणून चाकरीला लागून वर चढलेला. तो काही संत नव्हता. बाजीरावाच्या अमदानीत महसुलाचा इजारा देत, जो जास्त बोली लावेल त्याला मुलूख. त्यात रयत पिळून निघाली आणि त्या कारभारात हा पुढं होता. त्याच्याबद्दल मला माया नाही. पण जिंकणाऱ्यानं ज्याच्याशी सौदा होतो त्याला सोडलं आणि ज्याच्याशी सौद्याची गरज नाही त्याला गाडलं. आपल्या गावात वेगळं काय होतं? वस्ती जाळायची मसलत माडीवर होते. काडी लावायला गडी येतो. केस गड्यावर.

आणखी एक गोष्ट. एका ब्राह्मणाचा खून झाला आणि त्यावरून दोन सत्तांत तह झाले, किल्ले गेले, शेवटी लढाई झाली. कंपनीला शास्त्र्याचं प्रेम नव्हतं, तिला आपल्या हमीची इज्जत राखायची होती आणि मुलूख घ्यायचा होता. पण त्याच पेशवाईत गावकुसाबाहेरची किती माणसं मेली, त्यांचा तपास कुण्या रेसिडेंटनं केला? त्यांच्या जिवाची हमी कुणीच घेतली नव्हती.

"पण इंग्रज जिंकले म्हणून तर पेशवाई बुडाली ना?" तो पोरगा म्हणेल. बरोबर. बुडाली ते चांगलंच झालं. कोरेगावच्या स्तंभावर ४९ नावं, त्यातली २२ 'नाक' लागलेली, ती आपली. बाबासाहेब १ जानेवारी १९२७ ला तिथं गेले ते त्या नावांसाठी. पण जिंकलेल्या एल्फिन्स्टननं काय केलं तेही बघा. पुण्याच्या ब्राह्मणांची दक्षिणा चालू ठेवली, १८२१ मध्ये त्यांच्यासाठी संस्कृत पाठशाळा काढली, जातीचा रिवाज आहे तसा राहू दिला. आणि ज्या महारांनी लढून दिलं त्यांची पलटणीतली भरती त्याच इंग्रजानं १८९० नंतर बंद केली. जेत्याचा न्याय हा असा असतो. तो आपल्या बाजूनं आहे असं वाटतं, तोवर त्याचा हिशेब वेगळाच चाललेला असतो.

जेत्याचे हात स्वच्छ होते का? खानदेशातल्या थाळनेरचं ऐका. आज ते धुळे जिल्ह्यात शिरपूर तालुक्यात आहे. २७ फेब्रुवारी १८१८. किल्ला होळकराचा, तहानं कंपनीला गेलेला, पण किल्लेदार तुळशीराम यानं तोफा डागल्या. शरणागतीचं बोलणं चालू असताना दरवाज्यात गोंधळ झाला, दोन इंग्रज अधिकारी मेले. मग सर थॉमस हिस्लॉपच्या फौजेनं आतली सुमारे ३०० माणसं कापली आणि किल्लेदाराला त्याच दिवशी फासावर लटकवलं. १८१९ मध्ये लंडनच्या पार्लमेंटात विजयाचे आभार मानायची वेळ आली. खासदारांना लाज वाटली. ठराव केला तो असा, की आभार आहेत, पण त्यात थाळनेरची फाशी धरू नये. बस्स. हिस्लॉपवर खटला नाही. त्र्यंबकजीला एका खुनाच्या संशयावरून जन्मठेप, हिस्लॉपला ३०० मुडद्यांनंतर आभार, वर एक तळटीप.

आता जगाकडं या. दुसऱ्या महायुद्धानंतर न्यूरेम्बर्ग आणि टोकियोला खटले चालले. टोकियोत ११ देशांचे ११ न्यायाधीश, सगळे जिंकलेल्या बाजूचे. २८ आरोपी. सात जणांना २३ डिसेंबर १९४८ ला फाशी. त्यात पंतप्रधान तोजो होता. सम्राट हिरोहितोवर मात्र आरोपच ठेवला नाही. त्याला गादीवर ठेवणं अमेरिकेच्या सोयीचं होतं. १९८९ पर्यंत तो सम्राट म्हणून जगला. ओळखीचं वाटतं ना? बिठूर आठवतं ना? हिरोशिमा-नागासाकीवर बॉम्ब टाकणाऱ्यांना कुणी पिंजऱ्यात उभं केलं नाही. चीनमध्ये जित्या माणसांवर जंतूंचे प्रयोग करणाऱ्या जपानी डॉक्टरांना अमेरिकेनं सोडलं, कारण प्रयोगांची माहिती तिला हवी होती. न्यूरेम्बर्गला रशियानं कातिनच्या पोलिश अधिकाऱ्यांची कत्तल जर्मनांच्या माथी मारू पाहिली. ती रशियानंच केलेली, हे मॉस्कोनं १९९० मध्ये कबूल केलं.

टोकियोच्या अकरांत एक भारतीय होता, राधाबिनोद पाल. त्यानं वेगळं निकालपत्र लिहून सगळ्यांना सोडा म्हटलं. त्याचं म्हणणं, युद्ध सुरू करणं हा गुन्हा असा कायदा आधी नव्हता, तो जिंकल्यावर केला. पण लक्षात ठेवा, अत्याचार झालेच नाहीत असं पाल म्हणाला नव्हता. नानकिंगची हकीगत त्यानं मान्य केली होती. तरी जपानमधले युद्धखोर आज त्याचं नाव घेऊन मिरवतात. यासुकुनीच्या देवळात २००५ मध्ये त्याचं स्मारक उभं केलं.

इथं आपण सावध राहायला पाहिजे. "हा जेत्यांचा न्याय" असं म्हणणारा प्रत्येक जण न्याय मागत नसतो. अॅट्रॉसिटीचा आरोपी सुद्धा चावडीवर हेच बोलतो, खोटी केस आहे, ह्यांचं सरकार आहे. मग खरं-खोटं ओळखायचं कसं? मी असा विचार करतो. ज्याला खटला नीट व्हावा असं वाटतं तो म्हणतो, दुसऱ्यालाही उभा करा, मलाही बोलू द्या, पुरावा मांडा. ज्याला सुटायचंय तो म्हणतो, खटलाच नको.

आणि खटला कितीही लंगडा असो, त्यातून कागद निघतो. न्यूरेम्बर्गला नाझींचे हुकूम, याद्या, सह्या कोर्टात वाचल्या गेल्या. ज्यूंच्या कत्तलीचं दप्तर त्यामुळं जगापुढं आलं. "वरून हुकूम होता" ही सबब तिथं चालली नाही. तिथं तिघे निर्दोषही सुटले. थाळनेरला आणि ठाण्याच्या किल्ल्यात यातलं काहीच झालं नाही, म्हणून तिथलं खरं आजही कुणाला सांगता येत नाही. आपल्याला कागदाची किंमत कळते. खैरलांजीला २९ सप्टेंबर २००६ ला एका कुटुंबातली चार माणसं मारली. शिक्षा झाल्या, पण जातीचा अत्याचार म्हणून कोर्टाच्या कागदावर ते उमटलंच नाही. ती जखम अजून ओली आहे.

आता तारखांचा एक योग सांगतो. टोकियोचं निकालपत्र वाचायला सुरुवात झाली ४ नोव्हेंबर १९४८ ला. त्याच दिवशी दिल्लीत बाबासाहेबांनी घटनेचा मसुदा घटना समितीपुढं विचाराला ठेवला. त्या घटनेतलं कलम २० म्हणतं, कृत्य केलं तेव्हा कायद्यानं गुन्हा नसेल तर नंतर कायदा करून शिक्षा देता येणार नाही. कलम २२ म्हणतं, अटक केली तर कारण सांगा, वकील करू द्या, चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढं उभं करा. हे कलम सप्टेंबर १९४९ मध्ये बाबासाहेबांनी स्वतः मांडलं. त्यातच स्थानबद्धतेची वाटही आहे, हे लपवायला नको. पण बघा, हजारो वर्षं ज्यांना खटल्याशिवाय शिक्षा झाली त्यांचा माणूस लिहायला बसला, तेव्हा त्यानं "आता आमची पाळी" असं लिहिलं नाही. वकील सगळ्यांना दिला. बाजीरावाच्या वारसालाही.

का दिला, ते आपल्याला २०१८ नंतर कळायला पाहिजे होतं. १ जानेवारी २०१८ ला कोरेगावला आलेल्या आपल्या माणसांवर हल्ला झाला. पुढं त्याच प्रकरणाच्या नावानं यूएपीए लावून १६ जण आत गेले. आनंद तेलतुंबडे हजर झाले ती तारीख १४ एप्रिल २०२०. ८४ वर्षांचे स्टॅन स्वामी जुलै २०२१ मध्ये कोठडीत असतानाच दवाखान्यात वारले. खटला उभा राहिला नव्हता. "त्यांचा कसला आलाय खटला" असं म्हणणारे तेव्हाही होते. फक्त ते आपल्या गाडीत नव्हते.

ठाण्याला गेलात तर कोर्ट नाक्यावर उतरा. तिथं बाबासाहेबांचा पुतळा आहे, कोर्ट आहे, आणि जवळच त्या जुन्या किल्ल्याची भिंत. ह्याच तुरुंगात २ मे १८४८ ला राघोजी भांगऱ्याला फाशी दिली. महादेव कोळ्यांचा बंडवाला. त्र्यंबकजीही याच भिंतीआड होता. एक आपल्याला जवळचा वाटतो, एक वाटत नाही.

पुढच्या १ जानेवारीला गाडीत त्या पोराशेजारी बसणार आहे. त्याला एवढंच विचारीन, त्र्यंबकजीचा वकील तू झाला असतास का? तो नाही म्हणाला तर कल्याणपर्यंत वेळ आहे, भांडू.