पाणी कोण स्वच्छ करते? वनस्पतींच्या मत्स्यालयातील गाळणीचा इतिहास

प्रस्तावना

गोड्या पाण्याच्या मत्स्यालयात वनस्पती लावायच्या असोत वा नुसते मासे पाळायचे असोत, पहिला खर्च टाकीचा आणि दुसरा गाळणीचा म्हणजे फिल्टरचा असतो. दुकानदार टाकीचे लिटर विचारतो, त्याप्रमाणे एक डबा देतो आणि बहुतेक वेळा त्याच दिवशी मासेही देतो. पाणी आरशासारखे स्वच्छ दिसत असते. तरीही आठ-दहा दिवसांत मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागतात आणि एकेक करून मरतात. फिल्टर तर चालूच असतो. मग चुकते कुठे?

याचे उत्तर फिल्टरच्या रचनेपेक्षा त्याच्या इतिहासात चटकन सापडते. गेल्या पावणेदोनशे वर्षांत ‘टाकीतील पाणी कोण स्वच्छ करते?’ या प्रश्नाला तीन वेगवेगळी उत्तरे मिळाली : वनस्पती, वाहते पाणी आणि जिवाणू. ही उत्तरे कोणत्या क्रमाने आली आणि तिसरे उत्तर मत्स्यालयापर्यंत पोहोचायला इतका वेळ का लागला, हे या टिपणात पाहू.

पहिले उत्तर : वनस्पती

रॉबर्ट वॉरिंग्टन हे लंडनचे रसायनशास्त्रज्ञ. 1850 मध्ये त्यांनी तिथल्या केमिकल सोसायटीपुढे एक साधा प्रयोग मांडला. काचेच्या भांड्यात तळाशी वाळू, चिखल आणि दगड, त्यात व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती आणि दोन गोल्डफिश. काही दिवसांनी वनस्पतीची जुनी पाने कुजून पाणी गढूळ होऊ लागले. तेव्हा त्यांनी ती पाने खाणाऱ्या गोगलगायी सोडल्या आणि पाणी निवळले. पाणी न बदलता हा संसार महिनोन्‌महिने चालला.

त्यांचा मुख्य हिशेब वायूंचा होता. मासे कार्बन डायऑक्साइड सोडतात, वनस्पती तो घेऊन प्रकाशात प्राणवायू देतात. दोन्ही बाजू जुळल्या की टाकी ‘संतुलित’. हा विचार लोकांना फार आवडला. 1853 मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात पहिले सार्वजनिक मत्स्यालय उघडले. पुढच्याच वर्षी फिलिप हेन्री गॉस यांचे ‘द अॅक्वेरियम’ हे पुस्तक आले आणि दिवाणखान्यात काचेची टाकी ठेवण्याची लाटच आली.

मात्र या हिशेबात एक रकाना रिकामा होता. मासे कल्ल्यांवाटे अमोनियाही सोडतात, आणि तो विषारी आहे. वॉरिंग्टन यांच्या टाकीतील अमोनियाचा काही भाग वनस्पती घेत होत्या. उरलेल्याचा बंदोबस्त तळाची वाळू आणि चिखल करत होते, पण तळाला तेव्हा कोणी श्रेय दिले नाही.

दुसरे उत्तर : वाहते पाणी आणि वाळू

त्याच काळात शहरांच्या पाणीपुरवठ्यात वेगळी वाटचाल सुरू होती. 1829 मध्ये जेम्स सिम्प्सन यांनी लंडनच्या चेल्सी वॉटरवर्क्समध्ये वाळूचा गाळणी-तलाव चालू केला. 1852 च्या कायद्याने लंडनमध्ये नदीचे पाणी गाळून देणे बंधनकारक झाले. अभियंत्यांची समजूत अशी की वाळू ही चाळणी आहे आणि ती कण अडवते.

मत्स्यालयात वाहत्या पाण्याचा विचार विल्यम अल्फर्ड लॉइड यांनी पुढे नेला. 1871 मध्ये उघडलेल्या लंडनच्या क्रिस्टल पॅलेस मत्स्यालयात त्यांनी जमिनीखाली मोठा, अंधारा हौद बांधला आणि पंपाने पाणी सतत टाक्यांतून फिरवले. टाक्यांतील पाण्यापेक्षा हौदातील पाणी कितीतरी जास्त होते. आजच्या कॅनिस्टर फिल्टरचे किंवा टाकीखालच्या संपचे हे पूर्वरूप म्हणता येईल.

आता रायपूरकडे येऊ. हे तलावांचे शहर. बुढा तालाब आणि तेलीबांधा ही नावे इथल्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक आहेत. नळाचे पाणी इथे 1892 मध्ये आले. राजनांदगावच्या राजांच्या देणगीमुळे त्या योजनेला ‘बलराम दास वॉटरवर्क्स’ हे नाव मिळाले. खारून नदीच्या पात्रातील इन्फिल्ट्रेशन गॅलरीतून पाणी घेतले जाई, म्हणजे पात्रातल्या वाळूतून झिरपलेले पाणी गोळा करून पंपाने शहराला पुरवले जाई. नदीची वाळू हाच रायपूरचा पहिला फिल्टर.

योगायोग असा की त्याच 1892 मध्ये जर्मनीतील हॅम्बुर्ग शहरात कॉलऱ्याने आठ हजारांहून अधिक माणसे मेली. शेजारचे आल्टोना त्याच एल्ब नदीचे पाणी पीत होते, पण वाळूतून गाळून. ते बऱ्याच अंशी वाचले. वाळूच्या कणांमधील फटी जिवाणूंपेक्षा कितीतरी मोठ्या असतात. नुसत्या चाळणीने हे घडणे शक्य नव्हते. वाळूवर आणखी काहीतरी काम करत होते.

तिसरे उत्तर : जिवाणू

ते ‘काहीतरी’ 1877 मध्येच पॅरिसमध्ये हाती लागले होते. थिओफिल श्लोझिंग आणि अशील म्यूंट्झ यांनी एका लांब नळीत वाळू आणि चुनखडी भरून तिच्यातून सांडपाणी थेंबथेंब सोडले. सुमारे वीस दिवस काहीच घडले नाही. जितका अमोनिया वरून जाई, तितकाच खालून येई. त्यानंतर अमोनिया घटू लागला आणि त्याच्या जागी नायट्रेट दिसू लागले.

या वीस दिवसांतच सगळा युक्तिवाद आहे. क्रिया निव्वळ रासायनिक असती तर ती पहिल्या दिवसापासून झाली असती. उशीर लागतो तो जीव वाढायला. खात्री करण्यासाठी त्यांनी नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली. नायट्रेट बनणे थांबले. वाफ काढून टाकल्यावरही क्रिया आपोआप सुरू झाली नाही. मातीचे थोडे धुवण नळीत ओतल्यावर काही दिवसांनी ती पुन्हा चालू झाली.

इंग्लंडमध्ये हा धागा उचलला तो रॉथमस्टेड येथील शेती-संशोधन केंद्रातील रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी. नाव ओळखीचे वाटले ना? हे त्या मत्स्यालयवाल्या वॉरिंग्टन यांचे चिरंजीव. वडिलांनी 1850 मध्ये प्रयोग मांडला तेव्हा ते अकरा-बारा वर्षांचे होते. ही क्रिया दोन टप्प्यांत होते, हे मुलाच्या कामातून स्पष्ट झाले : आधी अमोनियाचे नायट्राइट, मग नायट्राइटचे नायट्रेट. हे जिवाणू वेगळे करून वाढवणे मात्र त्यांना साधले नाही. ते 1890 मध्ये सेर्गेई विनोग्राडस्की यांनी साधले. वडिलांच्या टाकीतला रिकामा रकाना मुलाच्या पिढीने भरला, पण शेतीच्या मातीसाठी. मत्स्यालयाशी त्याचा संबंध बराच काळ कोणी जोडला नाही.

ज्ञान शेजारी, टाकी तहानलेली

सांडपाणी अभियंत्यांनी हे ज्ञान लगेच वापरले. अमेरिकेतील लॉरेन्स प्रयोग केंद्रात 1887 नंतर खडीवरून सांडपाणी सोडण्याचे प्रयोग झाले. त्यांतून ट्रिकलिंग फिल्टर पुढे आला. 1914 मध्ये मँचेस्टर येथे अॅक्टिव्हेटेड स्लज पद्धत मांडली गेली. मत्स्यपालनाच्या छंदात मात्र ‘संतुलित टाकी’चाच मंत्र चालू राहिला.

मुंबईत चर्नी रोडजवळ 1951 मध्ये राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते तारापोरवाला मत्स्यालयाचे उद्‌घाटन झाले. मराठी घरांतील कित्येक मुलांनी काचेमागचा मासा पहिल्यांदा तिथेच पाहिला. साधारण त्याच दशकात परदेशात टाकीच्या तळाच्या खडीतून पाणी खेचणारा अंडरग्रॅव्हल फिल्टर लोकप्रिय झाला. खडीवरचे जिवाणू हाच खरा फिल्टर, ही गोष्ट 1970 मध्ये स्टीफन स्पॉट यांच्या बंदिस्त जलव्यवस्थेवरील पुस्तकाने पद्धतशीरपणे मांडली. श्लोझिंग यांच्या नळीनंतर तोवर 93 वर्षे गेली होती.

आपल्याकडेही याच जैविक थराचा अभ्यास चालू होता. नागपूर येथे 1958 मध्ये स्थापन झालेल्या आणि 1974 पासून ‘नीरी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संस्थेने 1970 च्या दशकात खेड्यांसाठी मंद वाळू-गाळणीवर काम केले. या गाळणीत वाळूच्या माथ्यावर धरणारा चिकट थर नवीन गाळणीत पक्व व्हावा लागतो. तोपर्यंत तिच्या पाण्यावर भरवसा ठेवता येत नाही. नव्या टाकीतील फिल्टरलाही हाच नियम लागू आहे.

उत्तरातील दुरुस्त्या

नायट्राइटचे नायट्रेट करणारा जिवाणू नायट्रोबॅक्टर, असे पाठ्यपुस्तकांत छापले जाई. 1998 मध्ये टिमोथी होव्हानेक आणि सहकाऱ्यांनी गोड्या पाण्याच्या मत्स्यालयांत हे काम नायट्रोस्पायरा-सदृश जिवाणू करतात असे दाखवले. 2005 मध्ये सिअॅटलच्या मत्स्यालयातील खडीतून अमोनियावर जगणारा एक आर्किया वेगळा केला गेला. 2015 मध्ये दोन्ही टप्पे एकट्याने पार पाडणारे नायट्रोस्पायरा सापडले.

पहिले उत्तरही परत आले. डायना वॉलस्टॅड यांनी 1999 च्या पुस्तकात पुराव्यांसह मांडले की बहुतेक पाणवनस्पती नायट्रेटपेक्षा अमोनियम आधी घेतात. म्हणून भरपूर वनस्पती असलेल्या टाकीत स्वच्छता करणारे दोन असतात : पाने आणि जिवाणू. थोरले वॉरिंग्टन अर्धे बरोबर होते.

नव्या टाकीसाठी याचा अर्थ

1. काम विभागून पाहा. स्पंज कण अडवतो. सिरॅमिकचे तुकडे जिवाणूंना राहायला पृष्ठभाग देतात. पाणी आधी स्पंजमधून, मग सिरॅमिकमधून जावे.

2. प्रवाहाचा ढोबळ नियम : तासाला टाकीच्या चार ते सहा पट पाणी. 100 लिटरच्या टाकीला 400 ते 600 लिटर. वनस्पतींच्या टाकीत पृष्ठभाग फार खळबळू देऊ नका. विरघळलेला कार्बन डायऑक्साइड उडून जातो.

3. हिशेब ठेवा. अमोनियातील 1 मिलिग्रॅम नायट्रोजनचे नायट्रेट होताना सुमारे 4.57 मिलिग्रॅम प्राणवायू लागतो आणि कॅल्शियम कार्बोनेटच्या मापात 7.14 मिलिग्रॅम क्षारता खर्च होते. 20 अंश सेल्सिअसला पाण्यात लिटरमागे सुमारे 9 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, 35 अंशांना जेमतेम 7. रायपूरच्या मे महिन्यात हा फरक जीवघेणा ठरू शकतो.

4. पीएच पाहा. 25 अंशांना पीएच 7 असताना एकूण अमोनियापैकी अर्ध्या टक्क्याच्या आसपासच विषारी मुक्त रूपात असतो. पीएच 8 ला तो पाच टक्क्यांवर जातो.

5. आधी वनस्पती, मग प्रतीक्षा, मग मासे. रोज थोडा अमोनिया देऊन चाचणी करत राहा. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही दिवसभरात शून्यावर येऊ लागले की थोडे मासे सोडा. यास साधारण तीन ते सहा आठवडे लागतात. जुन्या, निरोगी टाकीतील वापरता स्पंज मिळाला तर हा काळ घटतो. नळीत ओतलेले मातीचे धुवण ते हेच.

6. फिल्टर क्लोरीनच्या नळाच्या पाण्यात धुऊ नका. टाकीतून काढलेल्या पाण्यात हलका पिळून घ्या. वीज बराच वेळ गेली तर बंद डब्यातील जिवाणूंचा प्राणवायू संपतो, हेही लक्षात असू द्या.

सारांश

डबा, पंप आणि स्पंज विकत मिळतात. त्यात काम करणारी वस्ती वाढवावी लागते आणि तिला तिचा वेळ द्यावा लागतो. ती वस्ती वसण्याआधी सोडलेला मासा त्या प्रतीक्षेची किंमत स्वतःच्या जिवाने देतो. ही माहिती 1877 पासून उपलब्ध होती, पण मातीच्या आणि सांडपाण्याच्या ग्रंथांत. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने यातून घ्यायचे ते हे की आपल्या अडचणीचे उत्तर कदाचित शेजारच्या विभागाच्या कपाटात आधीच लिहून ठेवलेले असेल.

स्वाध्याय

1. श्लोझिंग आणि म्यूंट्झ यांच्या प्रयोगातील वीस दिवसांच्या विलंबाचे महत्त्व स्पष्ट करा.
2. थोरल्या वॉरिंग्टन यांच्या ‘संतुलित टाकी’च्या कल्पनेतील उणीव कोणती? ती किती अंशी आजही ग्राह्य आहे?
3. एका टाकीत रोज 20 मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजन तयार होतो. त्याचे पूर्णपणे नायट्रेट होण्यास किती प्राणवायू आणि किती क्षारता लागेल?
4. तुमच्या गावाच्या पाणीपुरवठ्यात वाळूची गाळणी कधी आली, याची माहिती जुन्या गॅझेटियरमधून किंवा नगरपालिकेकडून मिळवा आणि दोन परिच्छेद लिहा.