बंगालची फाळणी, बाबासाहेबांची जागा आणि गडचिरोलीतील नमशूद्र

जुलै १९४६ मध्ये बाबासाहेब संविधान सभेवर गेले ते मुंबई प्रांतातून नव्हे, बंगालमधून. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे तिथले नेते जोगेंद्रनाथ मंडल यांनी त्यासाठी जिवाचे रान केले.

कोराडीतल्या आमच्या अभ्यासवर्गात एक गोष्ट हमखास ऐकू येते : बाबासाहेबांना निवडून दिल्याची शिक्षा म्हणून जेसोर, खुलना, फरीदपूर, बारिसाल हे हिंदूबहुल जिल्हे पाकिस्तानला दिले. हे खरे नाही. मतदान जिल्ह्यांतील जनतेने नव्हे, प्रांतिक विधानसभेच्या सदस्यांनी केले होते. शिवाय १९४१ च्या जनगणनेत या चारपैकी फक्त खुलन्यात मुस्लिमेतरांचे, तेही निसटते बहुमत होते.

खरा प्रश्न वेगळाच आहे. फाळणी कोणाला हवी होती? २० जून १९४७ रोजी पश्चिम बंगालच्या बाजूच्या सदस्यांनी ५८ विरुद्ध २१ मतांनी ती मंजूर केली. मंडल यांचा विरोध होता. कारण उघड आहे : नमशूद्र शेतकरी बहुसंख्येने पूर्वेकडच्या खाड्या-दलदलीच्या मुलखात राहत होते.

रॅडक्लिफ रेषा जाहीर झाली १७ ऑगस्टला, स्वातंत्र्यानंतर दोन दिवसांनी. खुलना पाकिस्तानात, मुस्लिमबहुल मुर्शिदाबाद भारतात. चितगावच्या डोंगराळ प्रदेशात बहुसंख्य लोक चकमा आणि इतर बौद्ध. रांगामाटीत तर तिरंगाही फडकला होता. तोही भाग पाकिस्तानला गेला. पुढे कप्ताई धरणात त्यांच्या जमिनी बुडाल्या आणि हजारो चकमा भारतात आले. आपल्या धम्मबांधवांचा हा इतिहास आपल्याकडे फारसा कोणी सांगत नाही.

फाळणीमुळे बाबासाहेबांची जागा गेली. मग बॅ. जयकरांच्या रिकाम्या जागेवर ते मुंबईतून निवडून आले. मंडल पाकिस्तानचे पहिले कायदामंत्री झाले आणि १९५० मध्ये राजीनामा देऊन कलकत्त्याला परतले.

कलकत्त्यात नातेवाईक, नोकरी असलेले सवर्ण आधी निघून आले. नमशूद्र आले ते मुख्यतः १९५० आणि १९६४ च्या दंगलींनंतर. त्यांना छावण्यांत, दंडकारण्यात पाठवले गेले. काहींना जुन्या चांदा जिल्ह्यात जमिनी मिळाल्या. आजच्या गडचिरोलीत मुलचेरा, चामोर्शी भागातली बंगाली गावे ती हीच.

पश्चिम बंगालमध्ये नमशूद्र अनुसूचित जातीत आहेत, महाराष्ट्राच्या यादीत नाहीत. म्हणून मुलचेऱ्यातल्या नमशूद्र विद्यार्थ्याला अनुसूचित जातीचा दाखला मिळत नाही. त्यांची ही मागणी जुनी आहे. नागपुरातल्या आपल्या मोर्च्यांच्या निवेदनांत मात्र ती क्वचितच दिसते.