हवा कोठून आणसान?

राजूर घाट, मे १९३२

मोताळ्याकडून बुलढाण्याला चढणाऱ्या खडीच्या रस्त्यावर तुम्ही फोर्ड मॉडेल ए गाडीत ड्रायव्हरशेजारी बसला आहात. गाडी खामगावच्या एका जिनिंगवाल्या शेठजींची. दुपारचे दोन वाजलेत. दोन्ही बाजूंचे साग निष्पर्ण उभे आहेत आणि गाडीच्या छताचं कापड इतकं तापलंय की हात लावला तर झटकन मागे घ्यावा लागतो. खाली सपाटीवर गाडी बरी पळत होती. आता वळणं सुरू झाली आणि इंजिनाचा सूर बदलला. गुरगुरण्यात एक बारीक ठकठक मिसळली.

ड्रायव्हर न बोलता स्टीअरिंगखालची एक दांडी किंचित वर सरकवतो. सिलिंडरमधली ठिणगी आता जरा उशिरा पडू लागते. ठकठक थांबते, पण गाडीचा जोरही कमी होतो. पुढच्या वळणावर रेडिएटरच्या टोपणातून वाफ फुसफुसते आणि तो गाडी कडेला घेतो. चाकांमागे दगड लावतो, ओलं पोतं टोपणावर टाकतो आणि सावली शोधत खाली बसतो.

तुम्ही शहाणपण दाखवायला जाता. म्हणता, पेट्रोल जरा जास्त सोडलं तर नाही का चढणार?

तो हसतो. "पेट्रोल द्याले काय लागते भाऊ? भोक मोठं केलं का झालं. हवा कोठून आणसान?"

सगळी गोम त्याच्या या प्रश्नात आहे. एक किलो पेट्रोल नीट जळायला साधारण पंधरा किलो हवा लागते, म्हणजे एखादी लहान खोली भरेल इतकी. पेट्रोल द्रव आहे, हवं तितकं ओतता येतं. हवा मात्र पिस्टन खाली जाताना ओढील तेवढीच आत येते. बुलढाणा समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसहाशे मीटर उंच, म्हणून इथे हवेचा दाब सात टक्क्यांच्या आसपास कमी. त्यात मे महिन्याचा चव्वेचाळीस अंशांचा पारा. तापलेली हवा फुगते, आणि वीस अंशांच्या हवेच्या मानाने तेवढ्याच जागेत आणखी सात-आठ टक्के कमी मावते. फोर्डचं इंजिन ३.३ लिटरचं, कारखान्यातून निघालं तेव्हा चाळीस अश्वशक्तीचं. त्यातली पाच-सहा या घाटातच गळाली. ड्रायव्हरला हा हिशेब कागदावर मांडता येणार नाही, पण त्याच्या कानाला तो पाठ आहे.

इंडियानापोलिस, मे १९३२

त्याच महिन्यात तुम्ही अमेरिकेत, ड्यूसेनबर्ग कंपनीच्या कारखान्यात उभे आहात. समोर स्टँडवर हिरव्या रंगाचं एक लांबलचक इंजिन आहे. एका रांगेत आठ सिलिंडर, माथ्यावर दोन कॅमशाफ्ट, प्रत्येक सिलिंडरला चार व्हॉल्व्ह. आकार ६,८८२ सीसी. हे मॉडेल जे, १९२८च्या डिसेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात मांडलेलं. कंपनीचा दावा २६५ अश्वशक्तीचा. राजूर घाटात दमलेली फोर्ड यात साडेसहा वेळा बसेल.

तरीही इथल्या लोकांचं समाधान झालेलं नाही. इंजिनाच्या एका अंगाला ते सुपरचार्जर बसवत आहेत. गोल पेटीत पात्यांचं चाक. क्रँकशाफ्टकडून जोर घेऊन हे चाक त्याच्या कित्येक पट वेगाने फिरतं आणि हवा दाबून सिलिंडरांत कोंबतं. घाटातल्या ड्रायव्हरच्या प्रश्नाला हे लोखंडी उत्तर आहे. पिस्टनने ओढायची वाट बघायची नाही, हवा आपणच ढकलायची.

तुम्ही जवळ जाऊन बघता तेव्हा लक्षात येतं की कामगारांचे हात सुपरचार्जरपेक्षा इतर ठिकाणीच जास्त चालले आहेत. मॉडेल जे मधले ॲल्युमिनियमचे कनेक्टिंग रॉड काढून बाजूला ठेवले आहेत आणि त्यांच्या जागी पोलादी नळीचे रॉड चढत आहेत. व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा जास्त कडक आहेत. सुपरचार्जरला जागा हवी म्हणून एक्झॉस्टची मांडणी बदलली आहे, आणि धुराचे जाड, चमकते नळ बॉनेटच्या कुशीतून बाहेर काढले आहेत. पुढे हेच नळ श्रीमंतीचं लक्षण म्हणून मिरवतील.

हा सगळा खटाटोप कशासाठी? जास्त हवा म्हणजे जास्त पेट्रोल, जास्त पेट्रोल म्हणजे प्रत्येक स्फोटाला पिस्टनच्या डोक्यावर जास्त दणका. तो दणका रॉडवाटे क्रँकशाफ्टवर उतरतो. शिवाय हवा दाबली की तापते, आणि तापलेल्या हवेत पेट्रोल वेळेआधीच भडकतं. घाटात ऐकलेली ठकठक तीच. मूळ इंजिनाचं कॉम्प्रेशन फक्त ५.२ ला १ आहे, म्हणून थोडा जादा दाब त्याला सोसतो. आणि सुपरचार्जर फुकट फिरत नाही, तो इंजिनाचाच जोर खातो. सगळी देणी भागवून हातात उरते ती ३२० अश्वशक्ती. नव्या मॉडेलचं नाव एसजे.

कारखान्याचा कर्ता पुरुष फ्रेड ड्यूसेनबर्ग. जर्मनीत जन्मलेला, आयोवात सायकली दुरुस्त करता करता मोटारींकडे वळलेला. जुलैत पेनसिल्व्हेनियाच्या डोंगराळ रस्त्यावर एसजे चालवताना त्याला अपघात होईल, आणि त्याच महिन्याच्या २६ तारखेला न्यूमोनियाने तो जाईल. काम पुढे नेणार त्याचा भाऊ ऑगस्ट.

बॉनव्हिल, ऑगस्ट १९३५

पायाखाली मीठ आहे. युटा राज्यातलं हे पांढरं पठार सुमारे १,२८० मीटर उंचीवर, म्हणजे बुलढाण्याच्या जवळजवळ दुप्पट. घाटातली फोर्ड इथे आणखीच दमली असती. पण दहा मैलांच्या गोल आखणीवर रात्रीच्या अंधारात जी गाडी गरगरत आहे तिची हवा आकाशाच्या मर्जीवर नाही. ऑगस्टने एसजेच्या इंजिनाला दोन कार्ब्युरेटर दिले आहेत आणि रॅम्स-हॉर्न नावाचा नवा मॅनिफोल्ड. अश्वशक्तीचा आकडा चारशेच्या घरात गेला आहे.

चालवणारा ॲब जेन्किन्स. चोवीस तासांनी घड्याळ थांबतं तेव्हा सरासरी निघते ताशी १३५ मैलांहून जास्त, म्हणजे सुमारे २१८ किलोमीटर. मधले पेट्रोल-टायरचे थांबे धरून. तुम्ही विक्रमाच्या आकड्याकडे बघता, पण शेजारी उभा असलेला मेकॅनिक वाकून इंजिनाखाली तेल सांडलंय का ते बघतो. एखादी गाडी मिनिटभर चारशे अश्वशक्ती दाखवू शकते. ती दिवस-रात्र टिकवण्यासाठीच तीन वर्षांपूर्वी ते पोलादी रॉड चढले होते.

चेल्सी, लंडन, १९३६

गर्नी नटिंग यांच्या कोचबिल्डिंग कारखान्यात ॲश लाकडाच्या सांगाड्यावर पत्रा ठोकला जात आहे. चासीवर इंजिन आहे तेच, एसजे. दोन माणसांपुरती जागा, आणि पुढे न संपणारं बॉनेट. रंग नारिंगी आणि काळा. ऑर्डर देणाऱ्याचं नाव वाचून तुम्ही थबकता: इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर.

नीरेकाठच्या होळ गावातून निघालेल्या मल्हाररावांच्या घराण्यातला हा पुरुष. १९०८चा जन्म, वडील तुकोजीराव पायउतार झाल्यावर १९२६मध्ये गादीवर. जर्मन वास्तुकार एकार्ट मुथेसियसकडून त्यांनी माणिकबाग राजवाडा बांधून घेतला, ब्रांकुसीची शिल्पं विकत घेतली, मॅन रे याने त्यांची आणि पत्नी संयोगिताराणींची छायाचित्रं काढली. त्यांना जुन्या वैभवाची भपकेबाज नक्कल नको होती, काळाच्या पुढचं हवं होतं. मोटारीतही तोच हिशेब दिसतो.

नकाशावर बोट ठेवा. इंदूरहून बऱ्हाणपूर, इच्छापूर करत खाली उतरलं की मलकापूर दूर नाही. एका टोकाला ३२० अश्वशक्ती, दुसऱ्या टोकाला कापसाच्या बैलगाड्या. दोन्ही एकाच काळातल्या. पण इंजिनाचं गणित राजाला वेगळं आणि ड्रायव्हरला वेगळं नसतं. ड्यूसेनबर्ग कंपनी मात्र पुढच्याच वर्षी, १९३७ साली, बंद पडते.

मलकापूर, १९७५

राष्ट्रीय महामार्ग क्रमांक सहा. ट्रकांच्या रांगेशेजारी एक गॅरेज, आणि आत बॉनेट उघडून उभी फियाट. मालक तरुण आहे. मद्रासजवळच्या शोलावरमच्या शर्यतींबद्दल त्याने कुठेतरी वाचलं आहे आणि आता त्याला गाडी पळवायची आहे. सुपरचार्जर सोडाच, साधा परदेशी कार्ब्युरेटर आणायचा तर आयातीच्या परवान्यापासून सुरुवात.

मिस्त्री बोटं मोजत सांगतो. सिलिंडर एक मिलिमीटर बोअर करू, ओव्हरसाइझ पिस्टन टाकू. तुम्ही मनात हिशेब करता: ६८ मिलिमीटरचा बोअर ६९ केला, स्ट्रोक ७५, चार सिलिंडर. १,०८९ सीसीचं इंजिन १,१२२ सीसीचं होतं. जेमतेम तीन टक्के. एवढ्या खर्चात एवढंच?

मग तो हेड उलटं करून हवेच्या वाटा दाखवतो. ओतकामाचे खडे, मॅनिफोल्ड आणि हेड यांच्या जोडावर पुढे आलेली कड, गॅस्केटचा आत घुसलेला काठ. "हे घासून साफ करतो. हवाले अडकाले जागाच नाही ठेवत." त्यानंतर हेडचा पृष्ठभाग लेथवाल्याकडून थोडा उतरवायचा, म्हणजे कॉम्प्रेशन वाढतं. थोडाच का? मिस्त्री मान हलवतो. "लय घासलं तं ठोकन, बावा. मंग पिस्टनले भोक पडन."

शोलावरमच्या धावपट्टीवर त्या काळात धावणाऱ्या कित्येक देशी गाड्यांची ताकद अशीच आली. कानस, पॉलिश पेपर आणि लेथ.

बुलढाणा, आज

आता गाडी तुमची आहे. नंबर एमएच २८, चाकणच्या कारखान्यात बनलेली, ९९९ सीसीचं तीन सिलिंडरांचं टर्बो इंजिन, ११० अश्वशक्ती. लिटरमागे मोजलं तर होळकरांच्या ड्यूसेनबर्गच्या दुपटीहून जास्त. टर्बोची कल्पनाही तितकी नवी नाही. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याने १९०५मध्येच तिचं पेटंट घेतलं होतं: वाया जाणाऱ्या धुराने एक चाक फिरवायचं आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चाकाने हवा दाबायची.

पुण्याहून आलेला ट्यूनर पोरगा स्टीअरिंगखालच्या सॉकेटला केबल लावतो आणि मांडीवरच्या लॅपटॉपमध्ये बघतो. त्याच्या हातात ना कानस, ना हातोडा. तो फक्त तक्ते बदलणार, म्हणजे रिमॅप करणार: टर्बोचा दाब किती, पेट्रोल किती, ठिणगी केव्हा. अर्ध्या तासात वीस-पंचवीस अश्वशक्ती जास्त.

"एवढी कुठून येते?" तुम्ही विचारता.

"कंपनीने राखून ठेवलेली असते, दादा."

म्हणजे कारखान्याने भेसळीचं पेट्रोल, मे महिना, चुकलेली सर्व्हिसिंग आणि बेफिकीर चालक हे सगळं धरून सोडलेली जागा. ड्यूसेनबर्गवाल्यांनी आधी रॉड बदलले, मग दाब वाढवला. इथे रॉड तेच राहणार, क्लच तोच, ब्रेक तेच, आणि दाब मात्र वाढणार. तुम्ही विकत घेताय ती नवी ताकद नाही. इंजिनाच्या आयुष्यासाठी बाजूला ठेवलेली शिल्लक तुम्ही आजच खर्चायला काढताय.

कायद्याचाही मुद्दा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतल्या तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये तेच बजावलं. वॉरंटीचं काय होईल ते कंपनीला विचारलेलं बरं. आणि समृद्धी महामार्ग जिल्ह्यातून गेला तरी मोटारींची कमाल मर्यादा ताशी १२० किलोमीटर. ती गाठायला ही गाडी आहे तशीच पुरते.

पोरगा दोन फाइली दाखवतो. एक साध्या पेट्रोलसाठी, दुसरी जास्त ऑक्टेनच्या पेट्रोलसाठी. दुसरीत आकडा मोठा. पण जास्त ऑक्टेनचं पेट्रोल प्रत्येक खेड्यातल्या पंपावर मिळेलच असं नाही. साध्या पेट्रोलवर भर उन्हात ठोका पडला तर संगणक तो ओळखून ठिणगी आपोआप उशिरा करेल, आणि पैसे मोजून घेतलेला जोर तिथेच परत जाईल.

"पहिली," तुम्ही म्हणता. "पण आज नाही. आधी ब्रेक पॅड, इंजिन ऑइल, क्लचची तपासणी. इंटरकूलरचे पाइप कुठे गळतात का तेही बघ. फाइल पुढच्या महिन्यात."

"सगळे आधी फाइलच मागतात, दादा."

"आणि नंतर काय मागतात?"

तो हसतो, अंदाजपत्रकाचा कागद पुढे ओढतो आणि पहिल्या ओळीवरचं ‘रिमॅप’ खोडून सगळ्यात खाली लिहितो.