पोटुशीला वाट

माझं आजोळ मुळेच्या काठचं, कोतुळाच्या वरच्या अंगाला. महाशिवरात्रीला अकोल्याला अगस्तीच्या यात्रेला जायचो, तेव्हा आजी गोष्ट सांगायची : अगस्तींनी एका आचमनात अख्खा समुद्र पिऊन टाकला. मी विचारलं, "मग मासे कुठं गेले?" ती क्षणभरही अडली नाही. "कुठं जात्यात? पळालं वर, आपल्या डोंगराकडं. म्हून तर मृग लागला की चढत्यात." पुराणात हे नाही, पण मला अजून तेच खरं वाटतं.

मृगाचा पहिला मोठा पाऊस झाला की नदी तांबडी व्हायची. मग रात्री कंदील घेऊन आजा बांधावर. ओढ्याचं पाणी भातखाचरात शिरायचं आणि त्या धारेला उलटे, पाठी उघड्या पाडत मासे वर यायचे : मळे, शिंगटी, वांब, एखादी खडशी. आम्ही त्यांना चढणीचे मासे म्हणतो. कंदिलाच्या उजेडात खाचर नुसतं खळबळत असायचं. सकाळी चुलीवर लसूण-मिरचीचं कालवण आणि नागलीची भाकरी. चिंच घालायची की आमसूल, यावरून आजी आणि थोरल्या मामीचं दरसाल वाजायचं. कोण जिंकायचं ते आठवत नाही. आम्ही वाटी चाटून मोकळे.

आजीचा एक नियम मात्र पक्का. टोपलीतला मासा हातात घेऊन ती पोट चाचपायची. फुगलेलं असलं की, "पोटुशी हाय, तिला वाट द्या," आणि मासा परत पाण्यात. आजा कुरकुरायचा, कारण गाबोळी त्याच्या जिवाची.

खूप पुढं कळलं, की ती चढण बाळंतपणासाठीच असते. नदीच्या लोंढ्यात अंडी वाहून जातात. खाचरातलं पाणी उथळ, उबदार. कुजलेल्या पेंढ्यावर डोळ्यांना न दिसणारे जीव वाढतात. तेच पिल्लांचं पहिलं दूध म्हणा. पाणी ओसरू लागलं की पोरंबाळं घेऊन घरी परतावं, तशी ती नदीत उतरतात. आसामात पुराच्या पाण्यावर जगणाऱ्या तळ्यांना बील म्हणतात. आमचं बील म्हणजे चार महिन्यांचं भातखाचर.

कर्नल साइक्स नावाचा इंग्रज दख्खनची पाहणी करत हिंडला. त्यानं इथल्या माशांची वर्णनं 1839 साली छापली आणि शास्त्रीय नावांत आपलेच शब्द घातले. शिंगटी झाली 'मिस्टस सींगटी', खडशीची जात 'टॉर खुद्री'. आजीला हे सांगितलं असतं तर म्हणाली असती, "मग त्यात काय, तिचं नावच ते."

प्रवरेवर भंडारदऱ्याचं काम 1910 साली सुरू झालं, 1926 साली गव्हर्नर विल्सन यांच्या हस्ते धरणाचं उद्‍घाटन झालं. माझे पणजोबा त्या भिंतीवर दगड वाहायला होते, असं आमच्याकडं सांगत. चुलत आजोबा म्हणत, दगड नाही, चुना मळायला. काही असो, त्या पाण्यानं खाली ऊस पिकला, कारखाने उभे राहिले. त्याचं मोल कोण नाकारील? पण भिंतीला माशाची वाट नसते. मुळेवरही बांध-बंधारे आले. धरणांत कटला, रोहू, मृगळ सोडतात. हे गंगेकडचे पाहुणे. साठलेल्या पाण्यात वीत नाहीत, म्हणून बीज दरवेळी बाहेरून आणावं लागतं. 1957 साली हिरालाल चौधरींनी पोषग्रंथीच्या अर्काची सुई टोचून हे मासे तळ्यात विणवले, तेव्हापासून बीज मुबलक झालं. चिलापीला मात्र ना सुई लागते, ना चढण; मूळची आफ्रिकेतली, इथं आली आणि घरचीच होऊन बसली. बाजारात आता तीच.

मागल्या मृगात आजोळी गेलो होतो. पहाटे बंधाऱ्याखाली मासे भिंतीवर उड्या मारत होते, आपटून खाली पडत होते. ऐंशी ओलांडलेला मामा गुडघाभर पाण्यात, हातात टोपली. एकेक मासा धरायचा, पोट चाचपायचा आणि पोटुशी असली की बंधाऱ्यावर चढून पलीकडं सोडायचा.

"आणि बाकीचे?" मी विचारलं.

"बाकीचं घरी. तुझी मामी मघाधरनं चिंच भिजवून बसलीया."