क्यूचा शाफ्ट बदलताय? आधी आटे मोजा

पूल खेळणाऱ्यांची क्यू साधारणपणे ५८ इंच लांबीची असते आणि ती मधोमध दोन भागांत सुटते. हातात धरायचा जाड भाग म्हणजे बट आणि चेंडूवर आघात करणारा निमुळता भाग म्हणजे शाफ्ट. बहुतेक क्यूंमध्ये बटाच्या तोंडाशी धातूची पिन बसविलेली असते आणि शाफ्टमध्ये तिच्या जोडीचे आटे पाडलेले असतात. शाफ्ट झिजला किंवा वाकला की अनेक खेळाडू केवळ शाफ्ट नवा घेतात. खरी अडचण येथेच सुरू होते, कारण या जोडणीसाठी सर्व उत्पादकांनी मान्य केलेले एकच प्रमाण अस्तित्वात नाही.

आकड्यांचा अर्थ

पिनेची ओळख दोन आकड्यांनी सांगितली जाते. '५/१६-१८' या नावातील पहिला आकडा पिनेचा इंचातील व्यास, तर दुसरा एका इंचात येणाऱ्या आट्यांची संख्या दर्शवितो. आपल्याकडील कारागीर आजही सूताच्या हिशेबात बोलतात. आठ सूत म्हणजे एक इंच. त्या भाषेत ५/१६ म्हणजे अडीच सूत आणि ३/८ म्हणजे तीन सूत.

प्रचलित प्रकार पुढीलप्रमाणे आहेत :

५/१६-१४ : व्यास सुमारे ७.९ मिलिमीटर, दोन आट्यांतील अंतर १.८१ मिमी. जॉस आणि शॉन या अमेरिकी क्यूंमुळे परिचित.

५/१६-१८ : व्यास तोच, पण अंतर १.४१ मिमी. म्युची क्यूंमध्ये आढळणारा प्रकार.

३/८-१० : व्यास सुमारे ९.५ मिमी, अंतर २.५४ मिमी. मॅकडरमॉट क्यूंशी हा प्रकार जोडला जातो. शाफ्टच्या लाकडातच आटे पाडण्याची पद्धत या जाड पिनेबरोबर विशेष रूढ आहे.

३/८-११ : व्यास तोच, अंतर २.३१ मिमी.

रेडियल : इंचाला आठ आटे, त्यांचे कंगोरे टोकदार नसून गोलसर असतात.

युनि-लॉक : मोजक्या फेऱ्यांत घट्ट होणारी, टोकाशी आटे नसलेली पिन.

उत्पादक काळानुसार किंवा मालिकेनुसार पिन बदलतात. त्यामुळे केवळ नाममुद्रेवर विसंबून शाफ्ट मागवणे धोक्याचे ठरते.

फसगत कोठे होते?

व्यास समान आणि आट्यांची संख्या वेगळी, हा सर्वांत फसवा प्रकार. ३/८-१० च्या पिनेवर ३/८-११ चा शाफ्ट फिरवला तर सुरुवातीला तो बसल्यासारखा वाटतो. प्रत्येक फेऱ्यागणिक केवळ ०.२३ मिमीचा फरक पडत असतो. तो साठत जातो आणि शाफ्ट अडतो. 'नवा आहे, घट्ट असणारच' असे समजून जोर लावला की लाकडातील आटे कापले जातात. मग तो शाफ्ट मूळच्या जोडीच्या बटावरही नीट बसत नाही.

दुसरा सापळा स्थानिक कारखान्यातला. ५/१६ व्यासाला १८ आटे हे अमेरिकी प्रमाण आहे आणि जुन्या ब्रिटिश व्हिटवर्थ पद्धतीतही तीच संख्या आहे. मात्र अमेरिकी आट्याचा कोन ६० अंशांचा, तर व्हिटवर्थचा ५५ अंशांचा. आठ मिलिमीटरचा मेट्रिक बोल्टही दिसायला तसाच. त्याच्या आट्यांतील अंतर १.२५ मिमी असते. यांपैकी कोणताही टॅप 'जवळपास तोच' म्हणून चालवू नये.

मोजावे कसे?

व्हर्निअर कॅलिपरने पिनेचा बाह्य व्यास घ्यावा. सुमारे ७.९ मिमी भरल्यास ५/१६ आणि ९.५ मिमी भरल्यास ३/८ समजावे. त्यानंतर इंचाची पट्टी पिनेलगत धरून शून्याची रेघ एका कंगोऱ्यावर ठेवावी. अर्ध्या इंचात सात अंतरे भरली तर १४ आटे, नऊ भरली तर १८. दहा आट्यांच्या पिनेत अर्ध्या इंचाच्या रेघेवर कंगोरा येतो, तर अकराच्या पिनेत तेथे खाच येते. आट्यांचे गेज मिळाल्यास उत्तम. त्याची पाती खाचांत बसवून उजेडासमोर धरली की फट लगेच दिसते.

आटे जुळले तरी काम संपत नाही. काही सांध्यांत शाफ्टच्या तोंडाशी पितळेची छोटी मान पुढे आलेली असते आणि ती बटाच्या पोलादी कड्यात शिरते. काही सांध्यांची तोंडे सपाट असतात. हे दोन प्रकार एकमेकांना चालत नाहीत. सांध्याचा बाहेरील व्यासही मोजावा, अन्यथा बोटाला कड लागते. शिवाय ३/८-१० या एकाच नावाखाली खाचांची खोली कमी-जास्त असू शकते. म्हणून शक्य असेल तेथे बट सोबत नेऊन शाफ्ट प्रत्यक्ष बसवून पाहावा. स्नूकरच्या क्यूंच्या पितळी सांध्यांना वरील आकडे लागू पडतीलच असे नाही. त्यांचे माप स्वतंत्रपणे घ्यावे.

पारख सोपी आहे. योग्य शाफ्ट बोटांच्या हलक्या फिरकीने शेवटपर्यंत जातो आणि दोन्ही तोंडांत फट राहत नाही. मनगटाचा जोर लावावा लागला तर तेथेच थांबून शाफ्ट उलट फिरवावा. कापले गेलेले आटे पुन्हा जागेवर आणता येत नाहीत. लेथवर छिद्र मोठे करून नवी खोबण बसवावी लागते.